दुखणं थांबलं, पण हाडाचं काम बाकी आहे

दाताचं इम्प्लांट बसवून आलेल्या कुणालाही विचारा, तो पहिल्या तीन-चार दिवसांची हकिगत सांगेल. गाल सुजला, रात्री ठणका लागला, पेज पिऊन दिवस काढले. मग सूज उतरते, सात ते दहा दिवसांत टाके निघतात आणि मंडळी निर्धास्त होतात. हाडाची खरी कसोटी मात्र तिथून पुढे लागते.

इम्प्लांट म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. साधारण 4 मिलिमीटर जाड आणि 10 मिलिमीटर लांब. पहिल्या दिवशी तो भिंतीत पिळलेल्या स्क्रूसारखा, नुसत्या आट्यांच्या जोरावर उभा असतो. पण हाड भिंतीसारखं निर्जीव नाही. आट्यांखाली दाबलं गेलेलं, ड्रिलने दुखावलेलं हाड शरीराला नको असतं. हाड खाणाऱ्या पेशी ते उचलून नेतात आणि हाड बांधणाऱ्या पेशी त्या जागी नवं हाड घालतात. आधी पाडकाम, मग बांधकाम. त्यामुळे मध्ये एक असा काळ येतो की जुनी पकड सुटलेली असते आणि नवी पुरती आलेली नसते. हा काळ साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो, म्हणजे नेमका दुखणं विसरल्यावर! त्या दिवसांत इम्प्लांट 0.15 मिलिमीटरच्या आसपास जरी वारंवार हललं, तरी भोवती हाडाऐवजी मऊ तंतूंचा थर तयार होऊ शकतो. मग ते कायमचं डुगडुगतं आणि काढावंच लागतं. त्या बाजूने शेंगदाणे, चकली, उसाचं कांडं चावू नका असं डॉक्टर महिनोन् महिने बजावतात, ते यासाठी.

हाड टायटॅनियमला असं धरतं, हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रॉनेमार्क यांच्या लक्षात आलं ते 1950च्या दशकात, दातांशी संबंध नसलेल्या प्रयोगात. सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचं छोटं उपकरण बसवून ते रक्तप्रवाह पाहत होते. प्रयोग संपला, पण उपकरण काही निघेना. 1965 मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात इम्प्लांट बसवली. लार्सन 2006 मध्ये वारले, तोवर ती त्यांच्या तोंडात काम देत होती.

आता तयारीचं बघू. दात काढल्यावर तिथल्या हाडाची रुंदी वर्षभरात जवळपास निम्मी होऊ शकते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. म्हणून ‘बघू पुढे कधीतरी’ हे महागात पडतं. नंतर हाडाची पूड भरण्याचा वेगळा खर्च येतो. सीबीसीटी स्कॅनमध्ये, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेमध्ये, उरलेलं हाड मोजतात, खालच्या जबड्यातली नस आणि वरच्या बाजूचं सायनस (हवेची पोकळी) किती जवळ आहे ते पाहतात.

स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या गोष्टी रुग्णाने स्वतः सांगायच्या असतात, आणि गडबड इथेच होते. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्यातून एकदा अलेंड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाइन घेणाऱ्या आजींना वाटतं, त्याचा दातांशी काय संबंध? संबंध थेट आहे. ही औषधं हाड खाणाऱ्या त्याच पेशींना आवरतात. पाडकामच रखडलं तर जबड्याची जखम भरायलाही अडचण येते. औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं, त्यामुळे आदल्या दिवशी गोळी चुकवून काही साधत नाही. रक्त पातळ करणारी गोळीही आपल्या मनाने बंद करायची नाही. ते हृदयाच्या डॉक्टरांना ठरवू द्या. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घ्या. ती (HbA1c) 8 टक्क्यांच्या वर असेल तर बरेच डॉक्टर थांबायला सांगतात.

आणि तंबाखू. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पडतं. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला आपल्याकडच्या कितीतरी बायका ‘छे’ म्हणतात, कारण मिश्री त्या हिशेबात धरत नाहीत. पण मिश्री तर थेट हिरडीवरच घासली जाते! सिगारेटइतकीच तीही बंद हवी, शस्त्रक्रियेच्या आधीपासून आणि नंतर निदान दोन महिने तरी.

भूल फक्त जागेपुरती द्यायची असेल तर उपाशी जाऊ नका. हलकं खाऊन, रोजची बीपीची गोळी घेऊन जा. ड्रिल चालू असताना तोंडात सतत पाणी सोडतात तेव्हा जीव गुदमरल्यासारखा होतो, पण ते पाणी हाड थंड ठेवतं. 47 अंश सेल्सिअसचा चटका मिनिटभर बसला तरी हाडाच्या पेशी मरू लागतात.

घरी आल्यावर पहिला दिवस जखमेत धरलेली रक्ताची गुठळी जपायची. थुंकायचं नाही, स्ट्रॉने ओढायचं नाही, गुळण्या करायच्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याने हळुवार गुळण्या चालतील. लवंगेचं तेल, तुरटी, हळद यांतलं काहीही जखमेत भरू नका. जेवण म्हणजे गार दहीभात, मऊ खिचडी. तीळ-खसखस नको, दाणे टाक्यांत अडकतात. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यांत जास्त असते, त्याने घाबरू नका. चौथ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही खालचा ओठ बधिरच राहिला, तर मात्र लगेच फोन करा. नसेवर दाब आला असेल तर तो जितक्या लवकर काढावा तितकं बरं.

इम्प्लांटवर कायमचा कृत्रिम दात खालच्या जबड्यात साधारण तीन महिन्यांनी बसतो. वरच्या जबड्यातलं हाड जास्त सच्छिद्र, तिथे चार ते सहा महिने लागतात. खऱ्या दाताच्या मुळाभोवती दाब ओळखणारे तंतू असतात, इम्प्लांटला ते नाहीत. त्यामुळे दाब फारसा कळत नाही, आणि हिरडीखाली जंतुसंसर्ग होऊन हाड झिजू लागलं तरी बऱ्याचदा काहीच दुखत नाही. ब्रश करताना तिथून रक्त आलं तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका, एक्स-रे काढून घ्या.