औपचारिक इंग्रजी

औपचारिक इंग्रजी : कचेरी, न्यायालय, विद्यापीठ, अर्ज व सभा यांत वापरली जाणारी इंग्रजीची शैली. प्रमाण इंग्रजी आणि ही शैली एकच नव्हेत. प्रमाण इंग्रजीत घरच्या गप्पाही होतात. अमेरिकन भाषावैज्ञानिक मार्टिन जूस यांनी १९६० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत शैलीच्या पाच पायऱ्या मांडल्या. त्यांत औपचारिक शैली वरून दुसरी असून तिच्यावर ‘गोठलेली’, म्हणजे बदल न खपणारी, शैली येते.

उगमाबद्दल मतभेद आहेत. इंग्लंडमधील न्यायालयीन वाद इंग्रजीत बोलावेत, असे १३६२ च्या कायद्याने ठरवले, तरी नोंदी लॅटिनमध्येच राहिल्या. त्या इंग्रजीत आणणारा कायदा अमलात यायला १७३३ साल उजाडले. मधल्या काळात लेखी प्रमाणरूप कोठे घडले, हा वादाचा विषय. एम. एल. सॅम्युएल्स यांनी १९६३ मध्ये साधारण १४३० नंतरच्या सरकारी कागदांतील लेखनाला ‘चान्सरी प्रमाण’ म्हटले. चान्सरी म्हणजे राजाच्या सनदा व हुकूम लिहिणारी कचेरी. जॉन एच. फिशर यांनी पुढे त्याचे श्रेय चान्सरीच्या कारकुनांना व इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री याच्या इंग्रजी पत्रांना (साधारण १४१७ पासून) दिले. मात्र ही पत्रे सिग्नेट (राजाच्या खासगी मोहरेची) या वेगळ्या कचेरीतून निघत. शिवाय चान्सरीचे स्वतःचे कागद बहुतांशी लॅटिनच होते, असे मायकेल बेन्स्किन यांनी २००४ मध्ये दाखवले. तेव्हा एका कचेरीऐवजी अनेक लेखनिकांच्या हातांनी हे रूप हळूहळू स्थिरावले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कॅक्स्टनचा छापखाना (१४७६), इंग्लंडमधील पहिला, त्यानंतरचा.

शब्दांची प्रतवारी १०६६ मध्ये फ्रेंचभाषक नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर पडत गेली. ‘आस्क’ देशी, ‘क्वेश्चन’ फ्रेंचमधून आलेला, तर ‘इंटरॉगेट’ लॅटिन वळणाचा. मराठीत ‘विचारणे’ आणि ‘पृच्छा करणे’ यांत जे अंतर, तेच येथे. पण जड शब्द म्हणजे औपचारिकता नव्हे. ‘इंटरॉगेट’ पोलिसी चौकशीला शोभतो, मुलाखतीला नाही. ब्रिटिश अर्थखात्याच्या विनंतीवरून अर्नेस्ट गाउअर्स यांनी १९४८ मध्ये अधिकाऱ्यांसाठी साध्या, नेमक्या शब्दांचा आग्रह धरला. तो आजही योग्यच आहे.

पत्राच्या मायन्यात ब्रिटिश रीत अशी : ‘डिअर सर’ने आरंभ केल्यास शेवटी ‘युअर्स फेथफुली’, आडनावाने संबोधल्यास ‘युअर्स सिन्सिअरली’. मराठी अर्जातील ‘आपला विश्वासू’ यावरूनच आलेला दिसतो. ‘डू द नीडफुल’ (आवश्यक ते करावे) हा प्रयोग ब्रिटनमध्ये जुना झाला, भारतीय कचेऱ्यांत मात्र टिकला. त्याला चूक म्हणण्याचे कारण नाही.

बोलण्यात ‘डोन्ट’सारखी संक्षिप्त रूपे लेखनापेक्षा अधिक चालतात. संबोधने मात्र काटेकोर असतात. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००६ मध्ये उच्च न्यायालयांसाठी ‘युअर ऑनर’ किंवा ‘ऑनरेबल कोर्ट’ असे संबोधन सुचवले, तरी ‘माय लॉर्ड’ अजून कानी पडते.