सिस्टिम मधेच गप्प होते, ती बिघडलेली नसते
(आमच्याकडून म्युझिक सिस्टिम बसवून घेतलेल्या दवाखाने, हॉटेलं, दुकानं आणि घरांसाठी माहितीपत्रक)

दवाखान्यांत आणि पार्लरमध्ये आम्ही बसवलेली सिस्टिम साधारण पंचवीस मिनिटं वाजते आणि मग तीन मिनिटं थांबते. ही तीन मिनिटं आम्ही मुद्दाम ठेवलेली आहेत. बसवतानाच तसं सांगतो, बिलाच्या मागेही छापलं आहे. तरीही ‘सिस्टिम बंद पडली, माणूस पाठवा’ असे जे फोन येतात, त्यांतले बहुतेक याच तीन मिनिटांतले असतात.

होतं असं. गाणं थांबलं की काउंटरवरचा माणूस आधी आवाजाचं बटण पूर्ण फिरवतो. तरी काही ऐकू येत नाही म्हणून प्लग काढून परत लावतो. प्लग लागला की सिस्टिम नव्याने सुरू होते, आणि तीही पूर्ण आवाजात. वेटिंगमध्ये बीपी तपासायला बसलेल्या आजोबांचं त्या क्षणी काय होत असेल, ते सांगायला नको. स्पीकर फाटला तर तो वॉरंटीत बसत नाही. आमचा माणूस नाशिकमध्ये अंबडहून द्वारका सर्कलची गर्दी काढत पोहोचेपर्यंत तुमचीही दुपार जाते आणि आमचीही. म्हणून एवढंच करा: गाणं थांबलं तर आधी सिस्टिमच्या डब्यावरचा दिवा बघा. हिरवा असेल तर हात लावू नका. लाल असेल किंवा दिवाच नसेल तर फोन करा, त्याच दिवशी येतो.

‘पैसे पूर्ण घेता आणि मधे मधे बंद का ठेवता?’ असं काहीजण स्पष्ट विचारतात. प्रश्न रास्त आहे. इटलीतल्या पाविया इथल्या संशोधकांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चोवीस माणसं होती, निम्मी संगीत शिकलेली, निम्मी न शिकलेली. त्यांना सहा प्रकारचं संगीत ऐकवलं. त्यात पाश्चात्त्य शास्त्रीय होतं, टेक्नो होतं, रॅप होतं आणि आपलं रागसंगीतही होतं. लय वाढली तसे श्वास, नाडी आणि रक्तदाब वाढले. संगीताचा प्रकार कोणता, याला त्यामानाने कमी महत्त्व निघालं. आणि गंमत म्हणजे मधे जी दोन मिनिटांची शांतता ठेवली होती, तिच्यात नाडी आणि रक्तदाब सुरुवातीपेक्षाही खाली आले. मैफलीला जाणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही, तानपुरा थांबल्यावरचे काही क्षण त्याने अनुभवलेले असतात. आमची तीन मिनिटं त्या प्रयोगाची नक्कल नाहीत, पण कल्पना तिथूनच घेतली. दिवसभर अखंड वाजणारं संगीत थोड्या वेळाने कान ऐकेनासेच होतात. तेव्हा ते फ्रिजच्या घरघरीसारखं नुसतं मागे चालू राहतं, आणि तेवढ्यासाठी सिस्टिम घ्यायची गरज नाही.

दुसरा नेहमीचा प्रश्न: ‘मन शांत होईल अशी गाणी कोणती भरून देता?’

आधी लय बघा, मग बाकीचं. मिनिटाला साठ ते ऐंशी मात्रांचं, फार चढउतार नसलेलं वादन बहुतेकांना निवांत करतं. बासरी, संतूर, सतार, विलंबित आलाप यात येतात. सकाळी भैरव किंवा तोडी, संध्याकाळी यमन, रात्री मालकंस असा वेळेचा क्रम आम्ही पाळतो. तो आपल्या कानांना सवयीचा आहे. पण ‘अमुक रागाने शुगर उतरते’ असं छापलेले तक्ते आमच्या दुकानात तुम्हाला दिसणार नाहीत. औषध डॉक्टरांचं, आम्ही फक्त खोलीतलं वातावरण बघतो. शस्त्रक्रियेआधीची भीती संगीताने कमी होते, याला मात्र बऱ्यापैकी आधार आहे, म्हणून दातांच्या डॉक्टरांना आम्ही सिस्टिम घ्या असं आग्रहाने सांगतो.

लयीइतकंच महत्त्व आवडीला. ज्याला लावणी ऐकून मोकळं वाटतं, त्याच्या घरी आम्ही बळेच संतूर भरत नाही. उदास गाण्यांचंही तेच. पुष्कळांना ती ऐकून हलकं वाटतं, पण एकाच विचारात अडकलेला माणूस त्या गाण्यांनी आणखी आत जातो. घरात असं कुणी असेल तर रात्रीच्या यादीतून ती काढून टाका, किंवा आम्हाला सांगा. आणि नाशिक ढोल! तो अंगात आणणारा आहे, त्याबद्दल आम्हालाही अभिमान आहे, पण जिममध्ये ठीक, फिजिओथेरपीच्या खोलीत नको.

हॉटेलवाल्यांनी पुढचं जरा लक्ष देऊन वाचावं. रोनाल्ड मिलिमन नावाच्या अभ्यासकाने 1986 मध्ये एका रेस्टॉरंटमधली नोंद प्रसिद्ध केली. संथ संगीत असताना गिऱ्हाईक टेबलावर सरासरी 56 मिनिटं बसलं, जलद असताना 45 मिनिटं. जेवणाचं बिल जवळपास तेवढंच राहिलं, पेयांचं वाढलं. आता हे आपल्याकडे लावून बघा. गंगापूर रोडला रात्री निवांत बसण्याचं ठिकाण असेल तर संथच हवं. पण रविवारी सकाळी मिसळीला दारात रांग लागलेली असताना आत बासरीचा आलाप चालू असेल, तर लोक दुसरा पाव संपल्यावरही उठत नाहीत, आणि बाहेरचे वैतागतात. तिथे आम्ही साडेआठ ते बारा जलद लयीची वेगळी यादी लावून देतो. मिसळवाल्यांकडे विरामही ठेवत नाही, कारण भांड्यांच्या आणि ‘अजून रस्सा’च्या आवाजात तो कुणाला कळणारच नाही.

ऑफिसात किंवा अभ्यासिकेत शब्द असलेली गाणी टाळा. वाचताना, लिहिताना कानावर पडणारे शब्द लक्ष खेचतात, गाणं आवडीचं असलं तरी. हाताचं, ठरावीक काम असेल तिथे गाणी चालतात. सातपूरच्या एका वर्कशॉपला पॅकिंगच्या हॉलमध्ये आम्ही जुनी हिंदी गाणी दिली आहेत आणि हिशेबाच्या खोलीत स्पीकरच लावलेला नाही. मालकांनी विचारलं तेव्हा कारण हेच सांगितलं.

आवाज किती ठेवायचा? काउंटरवरच्या दोघांना आवाज न चढवता बोलता आलं पाहिजे. बटणावर आम्ही लाल खूण करून दिली आहे, तिच्या पुढे जाऊ नका. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचा शंभर मीटरचा भाग सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. तिथे दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबल ही मर्यादा आहे, त्यामुळे दाराबाहेर तोंड केलेला स्पीकर आम्ही अशा ठिकाणी लावून देत नाही. जास्त पैसे देतो म्हणालात तरी नाही.

मोबाइल ब्लूटूथने जोडून गाणी लावणं शक्यतो टाळा. फोन आला की गाणं थांबतं, आणि फुकटच्या ॲपवर आलापानंतर एकदम जाहिरात येते. आमच्या डब्यात गाण्यांचं कार्ड आहे, ते वापरा. वर्षाच्या देखभाल करारात दर तीन महिन्यांनी यादी बदलून मिळते. करार नसेल तर कार्ड दुकानात आणून द्या, यादी बदलण्याचा खर्च तिथेच सांगू.

व्यवसायाच्या जागी ध्वनिमुद्रित गाणी लावायला परवाना लागतो. ॲपचं घरगुती सदस्यत्व त्याला पुरत नाही. परवाना तुमच्या नावाने काढावा लागतो. कागदपत्रांची यादी दुकानात ठेवली आहे, मागून घ्या.