डी जीवनसत्त्वाच्या गोळीने स्तनाचा कर्करोग टळत नाही

‘डी जीवनसत्त्व चालू ठेव, स्तनाचा कर्करोग होत नाही,’ हे बायका एकमेकींना वर्षानुवर्षं सांगतात. ते खरं नाही. अमेरिकेत पाळी गेलेल्या 36,282 स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज 1,000 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 400 युनिट डी दिलं, बाकीच्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. सुमारे सात वर्षांत पहिल्या गटातल्या 528 जणींना हा कर्करोग झाला, दुसऱ्यातल्या 546 जणींना. म्हणजे फरक नसल्यातच जमा. समज पसरला तो रक्तात डी कमी असलेल्यांत आजार जास्त दिसल्यामुळे. पण वजन वाढलं, हालचाल कमी झाली की डीही कमी भरतं, आणि पाळी गेल्यावर याच दोन गोष्टी धोका वाढवतात! हाडांसाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी जरूर घ्या. तिच्या भरवशावर स्तनातली गाठ मात्र अंगावर काढू नका.