अमेरिकेच्या फेडरल (केंद्रीय) न्यायालयात ज्युरीला चुकीची सूचना दिली गेल्यास अपील कसे करावे: पात्रता, मुदत आणि कागदपत्रे

अमेरिकेतील फौजदारी खटल्यात प्रत्यक्षात काय घडले हे ज्युरी ठरवते, परंतु त्या घटनेला कोणता कायदा लागू होतो हे तिला न्यायाधीश सांगतात. गुन्ह्याचे कोणते घटक सरकारी पक्षाने सिद्ध करायचे आणि वाजवी संशयाचा फायदा आरोपीला केव्हा द्यायचा, हे या सूचनांत असते. त्यात चूक झाली की पुरावा कितीही नीट ऐकला तरी तो चुकीच्या कसोटीवर तोलला जातो. मराठी वाचकांना हा प्रश्न नानावटी खटल्यामुळे परका नाही. 1959 साली ज्युरीने दिलेला निर्दोषत्वाचा निकाल मुंबई उच्च न्यायालयात टिकला नाही, त्यामागे ज्युरीला केलेल्या मार्गदर्शनातील चुका हा एक मुख्य मुद्दा होता.

अपील कोणाला करता येते

ज्युरीने दोषी ठरवलेल्या आणि शिक्षा सुनावली गेलेल्या कोणत्याही आरोपीला हा मुद्दा अपिलात मांडता येतो. त्यासाठी अमेरिकेचे नागरिकत्व लागत नाही. ज्याने गुन्हा कबूल केला त्याच्या खटल्यात ज्युरीच बसत नसल्याने हा मार्ग त्याला उपलब्ध नसतो. ज्युरीने निर्दोष सोडले असेल, तर सूचना चुकीची होती म्हणून सरकारला त्या निकालाविरुद्ध अपील करता येत नाही.

आक्षेप खटल्यातच नोंदवावा लागतो

या विषयातील सर्वांत महत्त्वाची पायरी अपिलाच्या कितीतरी आधी येते, आणि घरच्या मंडळींना ती बहुधा निकालानंतरच कळते, याचे फार वाईट वाटते. फेडरल फौजदारी नियम 30 नुसार बचाव पक्षाने आपल्याला हव्या असलेल्या सूचना पुरावा संपेपर्यंत, किंवा न्यायालयाने त्याआधीची वेळ ठरवली असल्यास त्या वेळेत, लेखी मागायच्या असतात. त्यांपैकी काय स्वीकारणार हे न्यायाधीशांनी अंतिम युक्तिवादापूर्वी सांगावे लागते. एखादी सूचना चुकीची वाटली किंवा मागितलेली सूचना नाकारली गेली, तर ज्युरी विचारविनिमयासाठी आत जाण्यापूर्वी नेमका आक्षेप आणि त्याचे कारण नोंदवणे आवश्यक असते. हा आक्षेप ज्युरीच्या कानावर न पडता घेण्याची संधी न्यायालयाने द्यायची असते. ‘आमचा सूचनांना विरोध आहे’ असे मोघम म्हटल्याने काम भागत नाही.

विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत आलेल्या रेहाइफ यांच्या खटल्यात याचा प्रत्यय येतो. विद्यापीठाने काढून टाकल्यानंतर ते नेमबाजीच्या केंद्रावर गेले, तेथे त्यांनी बंदूक चालवली आणि बेकायदा वास्तव्यात शस्त्र बाळगल्याचा खटला त्यांच्यावर उभा राहिला. आपले वास्तव्य बेकायदा आहे हे आरोपीला माहीत होते, असे सिद्ध करण्याची सरकारला गरज नाही, अशी सूचना ज्युरीला देण्यात आली. बचाव पक्षाने तेथेच आक्षेप घेतला होता. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सूचना चुकीची ठरवून अपिलाचा निकाल फिरवला. याच कायद्याखालच्या ग्रीअर खटल्यात मात्र तसा आक्षेप घेतलेला नव्हता, आणि 2021 मध्ये चूक मान्य होऊनही आरोपीला दिलासा मिळाला नाही.

आक्षेप नोंदवलेला नसेल, तर त्याच नियमावलीतील नियम 52 मधील ‘उघड चूक’ एवढाच आधार उरतो. चूक स्पष्ट होती, तिचा आरोपीच्या हक्कांवर परिणाम झाला आणि न्यायप्रक्रियेच्या निःपक्षपातीपणालाच त्यामुळे धक्का बसला, हे सारे आरोपीने दाखवायचे असते. आक्षेप असेल, तर चुकीने निकालावर परिणाम झाला नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारवर येते. गुन्ह्याचा एखादा घटक सूचनेतून गाळला गेला तरी भक्कम पुरावा असल्यास शिक्षा टिकू शकते, असे 1999 च्या नेडर निकालात म्हटले आहे. वाजवी संशयाची व्याख्याच चुकली, तर 1993 च्या सुलिव्हन निकालानुसार पुरावा भक्कम असल्याचे कारण चालत नाही.

मुदत आणि कागदपत्रे

लेखी निकाल नोंदला गेल्यापासून 14 दिवसांत अपिलाची नोटीस डिस्ट्रिक्ट कोर्टातच, म्हणजे जेथे खटला चालला त्याच न्यायालयात, दाखल करावी. सबळ कारण असल्यास आणखी 30 दिवसांपर्यंत मुदतवाढ मिळू शकते, पण त्या भरवशावर राहू नये. आरोपीने शिक्षेच्या वेळी विनंती केल्यास न्यायालयाच्या क्लार्कने ही नोटीस ताबडतोब दाखल करायची असते. नोटिशीत अपील करणाऱ्याचे नाव, कोणत्या निकालाविरुद्ध अपील आहे आणि ते कोणत्या न्यायालयाकडे जाणार आहे, एवढे पुरते. महाराष्ट्रातील नातेवाइकांना मुखत्यारपत्राच्या जोरावर आरोपीच्या वतीने अपील चालवता येत नाही. शुल्क 605 डॉलर आहे. ते किंवा वकिलाचा खर्च परवडत नसल्यास आर्थिक स्थितीचे प्रतिज्ञापत्र जोडून माफी आणि सरकारी खर्चाने वकील मागता येतो.

नोटिशीनंतर 14 दिवसांत ट्रान्स्क्रिप्टची, म्हणजे सुनावणीच्या शब्दशः लेखी नोंदीची, मागणी नोंदवावी. तीत साक्षींबरोबर सूचनांवरची वकिलांची चर्चा, ज्युरीला वाचून दाखवलेल्या सूचना आणि आक्षेपाची नोंद हे सारे आवर्जून मागावे, कारण जे नोंदीत नाही ते अपील न्यायालयापुढे नाही. लेखी मागितलेल्या सूचनांच्या प्रतीही जोडाव्यात. नोंदी अपील न्यायालयात पोहोचल्यावर साधारण 40 दिवसांत अपिलाचे लेखी निवेदन द्यायचे असते. त्यात वादग्रस्त सूचना जशीच्या तशी उद्धृत करून आक्षेप नोंदीच्या कोणत्या पानावर आहे ते दाखवावे. राज्य न्यायालयांच्या मुदती वेगळ्या आहेत: गंभीर गुन्ह्यांत कॅलिफोर्नियात 60 दिवस, न्यूयॉर्कमध्ये 30 दिवस.

अपील मंजूर झाले तरी सहसा सुटका होत नाही, तर दोषसिद्धी रद्द होऊन नव्या ज्युरीपुढे खटला पुन्हा चालू शकतो. पुरावाच अपुरा होता असे म्हणणे असेल, तर तो मुद्दा त्याच निवेदनात स्वतंत्रपणे मांडावा, कारण तो मान्य झाल्यास त्याच आरोपावर पुन्हा खटला चालवता येत नाही.