व्रतस्थ जीवन (कॅथलिक)

व्रतस्थ जीवन म्हणजे कॅथलिक चर्चमधले सिस्टर, ब्रदर आणि काही फादर ज्या तीन व्रतांवर जगतात ते जगणं: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. 'काही फादर' हे मुद्दाम लिहिलंय. आपल्याकडे खान्देशात पांढरा झगा दिसला की फादर, साडीवर क्रूस दिसला की मदर तेरेसावाली, याच्यापुढे कोणी विचारत नाही. विचारायला माणसं तरी किती, भुसावळला रेल्वेच्या नोकरीपायी आलेली जुनी गोवेकर आणि अँग्लो-इंडियन घरं, शिवाय ठिकठिकाणच्या कॉन्व्हेंट शाळा, बस. नवापूर भागातले ख्रिस्ती बहुतेक प्रोटेस्टंट, त्यांच्या पाळकाला बायकापोरं असतात. धुळे, जळगाव, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक धर्मप्रांतात (एका बिशपच्या हाताखालचा भाग) येतात, तो १९८७ साली पुण्यापासून वेगळा झाला.

तर फादर म्हणजे चर्चचा पुरोहित, आणि ते दोन तऱ्हेचे. धर्मप्रांताचे फादर बिशपच्या हाताखाली असतात, ते लग्न न करण्याचं आणि बिशपचं ऐकण्याचं वचन देतात पण दारिद्र्याचं व्रत घेत नाहीत, म्हणजे मोटरसायकल स्वतःच्या नावावर असली तरी चालते. दुसरे येशूसंघ, फ्रान्सिस्कन, कार्मेलाईट अशा संघांचे, म्हणजे व्रतस्थांच्या संघटनांचे, ते पूर्ण व्रतस्थ. सिस्टर कधी फादर होत नाही, ब्रदरही फादर असेलच असं नाही. आणि सिव्हिलमधली सिस्टर वेगळी, पण तो शब्द आला मात्र इथूनच, कारण युरोपात आजाऱ्यांची सेवा आधी या बायकाच करायच्या.

व्रत हा शब्द इथे जरा फसवा आहे. आपल्याला व्रत म्हटलं की सोळा सोमवार आठवतात, म्हणजे ठराविक दिवस पाळायचं, उद्यापन केलं की मोकळं. आणि नवस तर घरोघरचा, कानबाईला बोलतात, वणीच्या गडावर चैत्रात पायी जाऊन फेडतात. लॅटिनमध्ये या दोन्हीला शब्द एकच, 'वोतुम'. चर्चच्या १९८३ च्या कायद्यात कलम ११९१ ला त्याची व्याख्या आहे, देवाला समजून उमजून, स्वखुशीने दिलेला शब्द, आणि तो शक्य असलेल्या व जास्त चांगल्या गोष्टीचाच पाहिजे. म्हणजे सिस्टरचं व्रत हे नवसाच्याच घरातलं, फरक एवढाच की आधी काही मागितलेलं नसतं आणि फेडून संपतही नाही. खान्देशात जवळचं उदाहरण हवं असेल तर महानुभावांच्या आश्रमातल्या तपस्विनी बघा, घर सोडणं आणि दीक्षा तिथेही आहेच.

मुलगी आली आणि लगेच सिस्टर झाली असं होत नाही. आधी ओळखीचा काळ, मग नोव्हिशिएट, म्हणजे शिकाऊ काळ, ते किमान १२ महिन्यांचं आणि १७ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय त्यात घेत नाहीत. मग तात्पुरती व्रतं, साधारण ३ ते ६ वर्षं, आणि वयाची २१ पूर्ण झाल्यावरच कायमची. बऱ्याच संघांत त्या दिवशी अंगठी देतात. एसटीत शेजारी बसलेली म्हातारी ती अंगठी बघून हमखास विचारणार, "तुन्हं लगीन व्हयनं का वं माय?" आता याचं उत्तर हो पण आहे आणि नाही पण, कारण ती अंगठी ख्रिस्ताशी जोडल्याची खूण. फ्रान्सिस्कन लोकांच्या कमरेला दोरी असते तिला तीन गाठी, एका गाठीला एक व्रत, कोणाला काही समजावून सांगायची गरजच नाही.

तीनमधलं सगळ्यात रोखठोक व्रत दारिद्र्याचं. शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरचा पगार तिचा नसतो, संघाचा असतो, पेन्शनसुद्धा. चप्पल घ्यायची तरी सुपिरियरला, म्हणजे घरच्या प्रमुख सिस्टरला, सांगून. पण सरकार हे मानत नाही, अनुदानित शाळेतल्या सिस्टर-फादरच्या पगारातून टॅक्स कापायचाच असं सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केलं.

सगळ्यांची व्रतं हुबेहूब तीच असतात असंही नाही. संत बेनेडिक्टचे मठवासी सहाव्या शतकापासून एकाच मठात आयुष्य काढण्याचं व्रत घेतात. येशूसंघाला १५४० मध्ये मान्यता मिळाली, त्यांच्यात चौथं व्रत असतं, पोप पाठवेल तिकडे जायचं. त्याच संघाचा थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून निघून १५७९ ला गोव्यात आला आणि मराठीत ओव्या लिहून बसला, त्याचं क्रिस्तपुराण १६१६ चं. मदर तेरेसांच्या १९५० च्या संघात चौथं व्रत गरिबातल्या गरिबाची फुकट सेवा.

रोजच्या भक्तीत मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि जपमाळ मुख्य. ही माळ ५९ मण्यांची, वारकऱ्यांच्या १०८ ची सवय असलेल्याला अपुरी वाटते. दहा-दहा मण्यांचे पाच गट, दर मण्याला 'नमो मरिया', गटाच्या आधी 'आमच्या बापा', आणि एकेका गटाला येशूच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात धरायचा. नुसता आकडा मोजला तर ती अर्धीच झाली म्हणतात. नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, नवरात्रासारखी पण घट नाही. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा आणि सप्टेंबरात श्रीरामपूरजवळ हरेगावला मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, दोन्हीकडे हिंदू घरांतली माणसंही मेणबत्ती घेऊन रांगेत असतात.

उपवासावरून मात्र गोंधळ होतो. राखेच्या बुधवारी (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडेला दिवसातून एकदाच पोटभर जेवण आणि मटण-चिकन बंद. भरीत आणि कळण्याची भाकरी चालते, मासा पण चालतो, हे ऐकून आपल्याकडची साबुदाणावाली मंडळी म्हणणार हा कसला उपवास.

व्रत सोडताही येतं. तात्पुरत्यांची मुदत संपली की सरळ घरी जाता येतं, कायमच्यांसाठी मात्र अर्ज करावा लागतो, बहुतेक मोठ्या संघांत तो रोमपर्यंत जातो. निघताना इतक्या वर्षांच्या कामाचे पैसे मागायचा हक्क नसतो, चर्चच्या कायद्याचं कलम ७०२ तसं स्पष्ट सांगतं, पण त्याच कलमात पुढे आहे की जाणाऱ्याशी संघाने न्यायाने आणि मायेने वागावं.