गोरिला ट्रेकिंग की हॅबिट्युएशन? युगांडाचं परमिट काढण्याआधी

युगांडाच्या सहलीचं कोटेशन मागवलं की त्यात दोन नावं हमखास येतात: गोरिला ट्रेकिंग आणि गोरिला हॅबिट्युएशन. पहिल्यात गोरिलांपाशी एक तास मिळतो, दुसऱ्यात चार. जंगल तेच, ब्विंडी. साहजिकच वाटतं, पैसे जास्त मोजले की तोच खेळ चौपट वेळ बघायचा. पण हा खेळच वेगळा आहे.

ट्रेकिंगमधलं कुटुंब आधीच माणसाळलेलं असतं. पाळीव नव्हे, माणसं आली म्हणून ते खाणं-लोळणं सोडत नाही, एवढंच. ब्विंडीत हे १९९३ पासून चालू आहे. गट जास्तीत जास्त आठ जणांचा. ट्रॅकर पहाटेच पुढे जातात. गोरिला रोज रात्री पालापाचोळ्याचं नवं घरटं करून झोपतात. ते घरटं शोधायचं, तिथून ताजा माग धरायचा आणि वॉकीटॉकीवर गाईडला वाट सांगायची. चाल तासाभराची असेल नाहीतर अर्ध्या दिवसाची, चिखल आणि खाजऱ्या पाल्यासकट.

हॅबिट्युएशनचं कुटुंब अजून माणसाळतंय. या कामाला दोनेक वर्षं तरी जातात. माणसं रोज जवळ जाऊन बसतात, गोरिलांसारखा घशातल्या घशात खाकरल्याचा आवाज काढतात; म्हणजे 'घाबरू नका, आम्हीच'. जंगलाच्या दक्षिणेला रुशागा भागात फार तर चौघं पर्यटक या मंडळींबरोबर जातात. कुटुंब हललं की आपणही मागोमाग हलायचं. कधी नर छाती बडवत अंगावर आल्यासारखं करतो. तेव्हा पळायचं नाही, खाली बसायचं, नजरेला नजर द्यायची नाही. चार तासांतला बराच वेळ पानांआडची काळी पाठ बघण्यातही जाऊ शकतो. फोटोंसाठी जाणाऱ्यानं हे आधी ऐकलेलं बरं.

जुलै २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना ट्रेकिंगचं परमिट ८०० डॉलरला आहे, हॅबिट्युएशनचं १८०० ला. पहिल्यांदा जाणाऱ्यानं ट्रेकिंगच घ्यावं, असं माझं मत. वाचलेल्या हजार डॉलरमधून किबालेच्या जंगलात चिंपांझी बघून होतील, वर पोर्टरलाही हात सैल सोडता येईल. (पोर्टर घ्याच. चढावर तो नुसती बॅग नाही, तुम्हालाही ओढतो.) प्राण्यांच्या वागण्याचं खरंच वेड असेल, तासन् तास गप्प बसवत असेल, तर मात्र हॅबिट्युएशनला तोड नाही.

वयाची अट दोन्हीकडे १५ वर्षांची. सर्दी-खोकला असेल तर परत पाठवतात, कारण आपले आजार त्यांना लागतात आणि २०१८ च्या आकडेवारीनुसार जगात पर्वतीय गोरिला होते जेमतेम १,०६३. परमिट पासपोर्टवरच्या नावानं आणि ठरावीक तारखेचं निघतं, त्यामुळे विमानाच्या तिकिटाआधी ते बघा. पिवळ्या तापाची लस निघण्याआधी निदान दहा दिवस घ्यायची. तिचा दाखला युगांडात उतरताना लागतो आणि परत येताना मुंबईतही.