अपरा : अंतःस्रावी कार्य

सस्तन प्राण्यांत गर्भकाळात गर्भाशयाच्या भिंतीवर तयार होणाऱ्या, नाळेने गर्भाशी जोडलेल्या व प्रसूतीनंतर बाहेर पडणाऱ्या तात्पुरत्या अवयवाला अपरा किंवा वार म्हणतात. मानवी अपरा चकतीसारखी असून पूर्ण दिवस भरल्यावर तिचा व्यास १५ ते २२ सेंमी., मध्यावरील जाडी सु. २.५ सेंमी. आणि वजन सु. ५०० ग्रॅ., म्हणजे बालकाच्या वजनाच्या साधारण एक षष्ठांश असते. गर्भाला प्राणवायू व अन्नघटक पुरविणे आणि त्याच्या शरीरातील त्याज्य द्रव्ये मातेच्या रक्तात सोडणे ही तिची कार्ये सर्वपरिचित आहेत. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः तिच्यात निर्माण होणाऱ्या संप्रेरकांचा व त्यांमुळे गर्भ कसा टिकून राहतो याचा विचार केला आहे.

रचना : फलनानंतर सहाव्या-सातव्या दिवशी गर्भ गर्भाशयाच्या अंतःस्तरात रुजू लागतो. त्याच्या बाह्य पेशीस्तराला ट्रोफोब्लास्ट म्हणतात. या स्तरातील पेशींचे सायटोट्रोफोब्लास्ट आणि त्या एकमेकींत मिसळून बनलेले, पेशींच्या सीमा नसलेले बहुकेंद्रकी सिन्सिशिओट्रोफोब्लास्ट असे दोन प्रकार होतात. अपरेची बहुतेक संप्रेरके या दुसऱ्या स्तरात तयार होतात. पेशींचे हे मीलन घडवून आणणारे सिन्सिटिन हे प्रथिन फार पूर्वी प्राइमेट पूर्वजांच्या जीनोममध्ये शिरलेल्या एका रेट्रोव्हायरसच्या जनुकापासून बनते, असे २००० मध्ये दाखविण्यात आले. अपरेचे अंकुर मातेच्या रक्तात बुडालेले असले, तरी माता व गर्भ यांचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. त्यातही पहिल्या सु. दहा ते बारा आठवड्यांपर्यंत गर्भाशयातील सर्पिल रोहिण्यांची तोंडे ट्रोफोब्लास्ट पेशींच्या बुचांनी बरीचशी बंद असतात आणि गर्भाचे पोषण प्रामुख्याने गर्भाशयातील ग्रंथींच्या स्रावावर चालते. त्यानंतर या रोहिण्या रुंदावून सैल होतात व मातेचे रक्त अंकुरांभोवती मुक्तपणे खेळू लागते. हे रुंदावणे अपुरे राहिल्यास पुढे गर्भाची वाढ खुंटणे व पूर्व-प्रसूतिआक्षेप (प्रीएक्लॅम्पसिया; गर्भारपणात मातेचा रक्तदाब वाढण्याचा विकार) यांचा धोका वाढतो.

इतिहास : चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाच्या नाभीला नाडी, नाडीला अपरा आणि अपरा मातेच्या हृदयाशी जोडलेली असल्याचे वर्णन आहे. सुश्रुतसंहितेनुसार गर्भ राहिल्यावर आर्तववह स्रोतसांचे (मासिक स्राव वाहून नेणाऱ्या वाहिन्यांचे) मार्ग अडतात, त्यामुळे आर्तव दिसेनासे होते, वर वळलेल्या आर्तवापासून अपरा बनते आणि उरलेला भाग स्तनांकडे जातो. या संहितांचा मूळ काळ निश्चित नाही व त्यांवर पुढे संस्कारही झालेले आहेत. वरील वचनांत संप्रेरकांची पूर्वकल्पना आहे, असे काही आधुनिक लेखक मानतात. तथापि पाळी थांबणे, वार वाढणे आणि दूध येणे या तीन निरीक्षणांची एका सूत्रात केलेली मांडणी एवढाच त्यांचा अर्थ घेणे अधिक सयुक्तिक वाटते.

माता व गर्भ यांची रक्ताभिसरणे स्वतंत्र असल्याचे विल्यम व जॉन हंटर या बंधूंनी लंडनमध्ये १७५४ च्या सुमारास रक्तवाहिन्यांत रंगीत मेण भरून दाखविले. या शोधाचे श्रेय कोणाचे यावरून १७८० मध्ये दोघा भावांत कायमचे वितुष्ट आले. अपरा हा अंतःस्रावी अवयव असावा, हे मत व्हिएन्नातील योझेफ हाल्बान यांनी १९०५ मध्ये मांडले. त्याआधी स्त्रीबीज बाहेर पडल्यावर अंडकोशात (अंडाशयात) तयार होणारा पीतपिंड गर्भ रुजण्यासाठी आवश्यक असल्याचे ब्रेस्लाऊ येथे लूटव्हिग फ्रेंकेल यांनी सशांवरील प्रयोगांनी दाखविले होते. त्यामागची मूळ कल्पना गुस्टाफ बोर्न यांची होती (भौतिकीविज्ञ माक्स बोर्न हे त्यांचे पुत्र). नॉर्वेतील व्हिल्हेल्म मॅग्नस यांनीही १९०१ च्या सुमारास स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढला होता. त्यामुळे अग्रक्रमाबाबत एकमत नाही. पीतपिंडातील क्रियाशील द्रव्य जॉर्ज कॉर्नर व विलर्ड ॲलन यांनी १९२९ मध्ये अर्करूपात मिळविले आणि १९३४ मध्ये चार निरनिराळ्या गटांनी ते शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केले. हेच प्रोजेस्टेरॉन होय.

मानवी कोरिऑनिक गोनॅडोट्रोपिन (एचसीजी) : या संप्रेरकाच्या उगमाविषयी बराच काळ गैरसमज होता. बर्लिनमध्ये झेल्मार आशहाइम व बेर्नहार्ड त्सोन्डेक यांनी १९२७-२८ मध्ये गर्भवतीचे मूत्र अल्पवयीन उंदरांच्या माद्यांना टोचले असता त्यांचे अंडकोश पक्व होतात असे दाखविले. गर्भधारणा ओळखण्याची हीच पहिली विश्वसनीय चाचणी होय. मात्र हे द्रव्य मातेच्या पोष ग्रंथीच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीच्या) अग्रखंडातून येते, अशी त्यांची समजूत होती. अपरेच्या ऊतकाचे शरीराबाहेर संवर्धन केले, तरी हे द्रव्य तयार होतच राहते, असे १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून बॉल्टिमोर येथे जॉर्जियाना सीगर जोन्स व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून दिसून आले आणि वाद मिटला.

एचसीजीचे दोन उपघटक असतात. त्यांपैकी ९२ ॲमिनो अम्लांचा आल्फा उपघटक पोष ग्रंथीच्या एलएच, एफएसएच व टीएसएच या संप्रेरकांतही असतो. १४५ ॲमिनो अम्लांचा बीटा उपघटक मात्र वैशिष्ट्यपूर्ण असल्याने आजच्या चाचण्या त्याच्यावर आधारलेल्या आहेत. गर्भ रुजल्यानंतर सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तातील त्याची पातळी साधारणपणे दर दोन दिवसांनी दुप्पट होते, आठव्या ते दहाव्या आठवड्यात कमाल होते व मग उतरते. त्याचे मुख्य कार्य पीतपिंड जिवंत ठेवणे हे आहे. एरवी हा पिंड सु. दोन आठवड्यांत आकसतो व पाळी येते. एचसीजीमुळे तो टिकतो व प्रोजेस्टेरॉन बनवीत राहतो. टीएसएचशी असलेल्या साम्यामुळे एचसीजी अवटू (थायरॉइड) ग्रंथीलाही काहीसे चेतविते. म्हणून पहिल्या तिमाहीत टीएसएचची पातळी कमी आढळणे हे बहुधा रोगलक्षण नसते. द्राक्षगर्भात (अपरेच्या ऊतकाची द्राक्षांच्या घडासारखी विकृत वाढ) एचसीजी फार वाढते.

एचसीजीविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या लशीने गर्भप्रतिबंध करण्याचा प्रयत्न दिल्ली येथे जी. पी. तलवार यांच्या गटाने केला. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रतिपिंडांची पातळी पुरेशी असलेल्या १,२२४ ऋतुचक्रांत एकच गर्भधारणा झाली; परंतु सर्व स्त्रियांत तेवढी पातळी गाठली जात नसल्याने ही लस सार्वत्रिक वापरात आली नाही.

गर्भारपणाच्या उलट्यांचे कारण एचसीजी असावे, असे दीर्घकाळ मानले जाई. दोन्हींचा काळ जुळतो एवढाच त्याला भक्कम आधार होता. २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने जीडीएफ-१५ या प्रथिनाकडे लक्ष वेधले. गर्भकाळात ते मुख्यतः गर्भ व अपरा यांच्याकडून येते आणि गर्भधारणेपूर्वी ज्या स्त्रियांत त्याची पातळी कमी असते त्यांना त्याचा त्रास अधिक होतो. सध्या हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य दिसते.

प्रोजेस्टेरॉन : गर्भ टिकविणारे प्रमुख संप्रेरक हेच. ते गर्भाशयाचा अंतःस्तर जाड व स्रावी ठेवते, त्याच्या स्नायूंचे आकुंचन आवरते, ग्रीवा घट्ट ठेवते आणि मातेच्या प्रतिरक्षा पेशींना सौम्य करते. पीतपिंडाकडून अपरेकडे त्याच्या निर्मितीचे हस्तांतर नेमके केव्हा होते, हे आर्पाद चापो यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी दाखविले. सातव्या आठवड्यापूर्वी पीतपिंड काढल्यास गर्भपात होई, बाहेरून प्रोजेस्टेरॉन दिल्यास तो टळे, आणि नवव्या आठवड्यानंतर पिंड काढूनही गर्भ टिके. या दोन-तीन आठवड्यांच्या संक्रमणात पिंड व अपरा दोन्ही कार्यरत असतात. पुढे अपरेतील निर्मिती वाढत जाऊन दिवस भरताना ती रोज सु. २५० मिग्रॅ. इतकी होते, त्यासाठी लागणारे कोलेस्टेरॉल प्रामुख्याने मातेच्या रक्तातून घेतले जाते. सर्व प्राण्यांत असे हस्तांतर होत नाही. शेळीत पीतपिंड शेवटपर्यंत आवश्यक असतो, मेंढीत मात्र सु. ५० दिवसांनंतर अपरा पुरेशी ठरते. प्राण्यांवरील निष्कर्ष माणसाला लावताना झालेल्या अनेक घोटाळ्यांचे मूळ या फरकात आहे.

गर्भपाताची भीती असल्यास प्रोजेस्टेरॉन देण्याची पद्धत भारतातही रूढ आहे. तिचा पुरावा मर्यादित आहे. वारंवार व अकारण गर्भपात झालेल्या ८३६ स्त्रियांच्या ब्रिटनप्रणीत चाचणीत (२०१५) लाभ दिसला नाही. पहिल्या तिमाहीत रक्तस्राव झालेल्या ४,१५३ स्त्रियांच्या दुसऱ्या चाचणीतही (२०१९) एकंदर फरक निर्णायक नव्हता. मात्र तीन किंवा अधिक गर्भपात आधी झालेल्या उपगटात जिवंत बालकांच्या जन्माचे प्रमाण ७२ टक्के व औषध न मिळालेल्यांत ५७ टक्के होते. संप्रेरक सरसकट देण्याचा धोका डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल या कृत्रिम ईस्ट्रोजेनने दाखवून दिला आहे. १९४० च्या दशकापासून ते गर्भपात टाळण्यासाठी दिले जाई. १९५३ मध्ये ते निरुपयोगी ठरल्यावरही वापर चालू राहिला आणि १९७१ मध्ये ते घेतलेल्या स्त्रियांच्या मुलींत योनिमार्गाचा दुर्मिळ कर्करोग आढळला.

ईस्ट्रोजेन : मानवी अपरेत १७-हायड्रॉक्सिलेज हे एंझाइम जवळजवळ नसते. त्यामुळे प्रोजेस्टेरॉनपासून थेट ईस्ट्रोजेन बनविणे तिला शक्य नसते. गर्भाच्या अधिवृक्क (मूत्रपिंडावरील) ग्रंथीतून येणारे एक सल्फेटयुक्त द्रव्य (डीएचईएएस) घेऊन ती ईस्ट्रोजेन बनविते. ईस्ट्रिऑलसाठी त्याच द्रव्यावर गर्भाच्या यकृतातही एक प्रक्रिया आधी व्हावी लागते. गर्भ व अपरा मिळून एकच उत्पादक घटक होतो, ही संकल्पना स्टॉकहोम येथील एगोन डिट्सफालुसी यांनी १९६० च्या दशकात रूढ केली. म्हणूनच मेंदूची व त्यामुळे अधिवृक्क ग्रंथींचीही वाढ न झालेल्या गर्भात ईस्ट्रिऑल फार कमी आढळते. ईस्ट्रोजेनांमुळे गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढतो व स्तनांतील नलिका विकसित होतात.

इतर संप्रेरके : मानवी अपराजन्य लॅक्टोजेनचे वर्णन १९६२ मध्ये झाले. दिवस भरताना ते रोज एक ग्रॅम किंवा अधिक तयार होते. ते अपरेतून येणाऱ्या वृद्धिसंप्रेरकासह मातेच्या पेशींना इन्शुलिनविषयी काहीशा उदासीन करते, त्यामुळे माता स्वतः चरबी वापरते व ग्लुकोज गर्भाकडे वळते. मातेच्या स्वादुपिंडाला वाढीव इन्शुलिन पुरविता न आल्यास गरोदरपणातील मधुमेह होतो. तथापि लॅक्टोजेनचे जनुकच नसलेल्या काही स्त्रियांची गर्भधारणा सुरळीत पार पडल्याची नोंद आहे. तेव्हा त्याला अपरिहार्य मानणे कठीण आहे. रिलॅक्सिन माणसात मुख्यतः पीतपिंडातून येते. पीतपिंड नसलेल्या कृत्रिम (औषधांनी घडविलेल्या) ऋतुचक्रात गर्भ रोवल्यास पूर्व-प्रसूतिआक्षेपाचे प्रमाण अधिक आढळते. रिलॅक्सिनचा अभाव हे त्याचे एक संभाव्य कारण सुचविले जाते.

गर्भावस्थेचा शेवट : न्यूझीलंडमधील ग्रॅहम लिगिन्स यांनी मेंढीत प्रसूतीची सुरुवात गर्भाच्या कॉर्टिसोलपासून होते असे सिद्ध केले. या कॉर्टिसोलमुळे अपरेत १७-हायड्रॉक्सिलेज निर्माण होऊन प्रोजेस्टेरॉन घटते व ईस्ट्रोजेन वाढते. स्त्रियांत मात्र वार पडेपर्यंत रक्तातील प्रोजेस्टेरॉन घटत नाही. पातळी तीच राहून गर्भाशयातील ग्राहींचे (संप्रेरक ज्यांना जोडले जाते त्या पेशींतील प्रथिनांचे) प्रकार बदलतात व त्यामुळे संप्रेरकाचा प्रभाव ओसरतो, हे मत आज अधिक मान्य आहे. प्रोजेस्टेरॉनचा ग्राही अडविणाऱ्या मिफेप्रिस्टोनने गर्भाशय कोणत्याही टप्प्यावर आकुंचन पावू लागते, हा त्याला पूरक पुरावा होय. अपरेतून स्रवणाऱ्या सीआरएच या संप्रेरकाच्या वाढीच्या वेगावरून प्रसूतीचा काळ ठरतो, असा ‘अपरेचे घड्याळ’ म्हणून ओळखला जाणारा सिद्धांत १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियात मांडला गेला.

वैद्यकीय महत्त्व : पूर्व-प्रसूतिआक्षेपात अपरेतून एसएफएलटी-१ हे प्रथिन अधिक प्रमाणात सुटते व ते मातेच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करते, असे बॉस्टन येथे अनंत करुमांची यांच्या गटाने २००३ मध्ये दाखविले. अपरेच्या वाढीचा मातेच्या पोषणाशीही संबंध आहे. पुण्याजवळच्या खेड्यांतील स्त्रियांवरील अभ्यासात गर्भारपणाच्या मध्यावर सोनोग्राफीने मोजलेले अपरेचे आकारमान मातेच्या गर्भधारणेपूर्वीच्या वजनाशी व बालकाच्या जन्मवजनाशी निगडित आढळले. वार बाहेर पडताच प्रोजेस्टेरॉनची पातळी झपाट्याने घसरते आणि प्रोलॅक्टिन या दूध निर्माण करविणाऱ्या संप्रेरकाला मोकळीक मिळून दोन-तीन दिवसांत भरपूर दूध येऊ लागते. अपरेचा तुकडा आत राहिल्यास हे दूध येण्यास विलंब लागू शकतो.